दुनळीचा वारस

घरातला कर्ता माणूस गेला की जमिनीच्या, भांड्यांच्या, दागिन्यांच्या वाटण्या होतात. दुनळी बंदूक मात्र वाटणीला येतच नाही. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढतं तसं बंदुकीवर चढत नाही, कारण परवाना त्या माणसाच्या नावचा असतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं एकविसावं कलम सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळवायचा, नाहीतर ती बाळगण्याचा हक्क असलेल्याला विकायची. दोन्ही झालं नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती सरकारजमा होऊ शकते. म्हणजे ‘विकू की ठेवू’ अशी चर्चा घरात सुरू होते तेव्हा, सगळं नियमाप्रमाणे झालं असेल तर, बंदूक घरात नसतेच. आजोबांच्या शौर्याच्या गोष्टींवरून हा निर्णय घ्यायची आपल्याकडे रीत आहे. त्याऐवजी ती बंदूक त्या घरात कोणत्या कागदाच्या जोरावर आली हे पाहिलं, तर उत्तर बरंच सोपं होतं: जिथे शेतराखणीची खरी गरज उरलेली नाही, त्या घराने ती विकावी.

हा कागद आला १८७८ साली. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत एकाच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर आणि देशी माणसांच्या हत्यारांवर असे दोन कायदे आले. १८५७ नंतर प्रांतोप्रांती शस्त्रं काढून घेण्याचं काम झालंच होतं. १८७८ च्या कायद्याने त्याला कायमची चौकट दिली. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. ठरावीक सरदार-संस्थानिकांना आणि सरकारने पदवी दिलेल्यांना होती. बाकीच्यांनी अर्ज करायचा. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, त्यामुळे मुंबई इलाख्यात हे अर्ज किती उदार मनाने वाचले गेले असतील याची कल्पना करता येते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. वंशावर आधारलेली सूट निघून जायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ज्याच्या ओसरीच्या खुंटीवर दुनळी टांगलेली दिसे, त्या माणसाबद्दल आपल्याला एक गोष्ट खात्रीने कळते: जिल्ह्याचा कलेक्टर त्याला भरवशाचा मानत होता. तो शूर होता की नव्हता हे त्यावरून कळत नाही. पाटील, खोत, इनामदार, मोठा सावकार, निवृत्त सुभेदार या मंडळींच्या घरी बंदूक असे आणि कुळाच्या घरी नसे. यात नेमबाजीपेक्षा सरकारदरबारच्या वजनाचा भाग मोठा होता. बंदूक हे त्या काळचं एक मानपत्रच होतं म्हणा ना.

यावर कोणी म्हणेल की हा फक्त इंग्रजी अमलाचा दोष झाला. स्वतंत्र देशाने तरी शस्त्र हा नागरिकाचा हक्क मानायला हवा होता. तसा विचार झालाही होता. १९३१ च्या कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावाला त्याच वर्षी मुंबईत अंतिम रूप मिळालं, तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. माझ्या मते आंबेडकरांचं बरोबर होतं. ज्या समाजात गावचं पाणीसुद्धा सगळ्यांचं नव्हतं, तिथे ‘सगळ्यांचा शस्त्राचा हक्क’ प्रत्यक्षात कोणाच्या हातात गेला असता हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे १९५९ चा कायदा आला आणि १९६२ पासून लागू झाला. त्याने परवाना ठेवला, पण शेतकऱ्याला थोडी मोकळीक दिली. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी वीस इंचांहून आखूड नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक आणि खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, या दोन बाबतींत परवाना देण्याकडे त्याच्या तेराव्या कलमाचा कल आहे. कोकणात रानडुकरांपासून भाताची राखण करणाऱ्यांकडे जी बंदूक आहे, तिच्यामागे हे कलम आहे. अपवाद एकच लक्षात घेण्याजोगा: शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाजाला १८६१ पासून परवान्याची सूट आहे आणि ती आजही चालू आहे. तिथे मुलगा जन्मला की बार काढतात, कैलपोळ्द या सणाला बंदुकीची पूजा होते. तिथे बंदूक खरोखर कुळाची आहे. आपल्याकडे ती व्यक्तीची होती, आणि तीही सरकारच्या मर्जीपुरती.

आता वस्तू म्हणून ती बंदूक हातात घेऊन पाहू. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. हा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. बिजागरीवर बंदूक मोडली, नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या आणि त्यांचा पोटाकडचा भाग उजेडात धरला की बारीक ठसे दिसतात. इंग्रजी बंदूक असेल तर ते लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ चं. हे ठसे म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका. ‘नॉट फॉर बॉल’ असं खोदलेलं सापडलं तर नळी १८७५ ते १८८७ च्या दरम्यानची. तोंडाशी आवळत नेलेल्या नळीतून गोळी मारू नये, छर्रेच मारावेत, असा त्याचा अर्थ. बिनधुराच्या दारूसाठी पारख झाली असेल तर तसा ठसा असतो, आणि तो १८९६ नंतरचा. नळीवर पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तशी नागमोडी नक्षी दिसली तर ती ‘दमास्कस’ नळी: लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली. दिसायला इतकी देखणी नळी नंतर झाली नाही. पण ती काळ्या दारूच्या काळातली आहे. पिळाच्या सांध्यांत आतून गंज धरलेला असला तरी बाहेरून कळत नाही. शिवाय जुन्या नळ्यांची काडतूसघरं अनेकदा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. आज सर्रास मिळणारं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात शिरतं, हीच खरी गोम. बार उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उलगडतं, पुढच्या अरुंद भागात अडतं आणि दाब वाढतो. तेव्हा ‘अजून चालते’ हे कौतुकाने सांगितलं जाणारं वाक्य अशा बंदुकीच्या बाबतीत भीतीचं मानावं. जाणत्या कारागिराने ठसे आणि मापं पाहिल्याशिवाय ती झाडूच नये.

ठेवण्याच्या बाजूने सगळ्यात जोरदार मुद्दा वारशाचा असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांना हळदकुंकू लावलं जातं. त्या दिवशी पाटावर ती बंदूक नसली तर घर रितं वाटेल, असं म्हणणाऱ्याला कायद्याची कलमं ऐकवून भागत नाही. पण खंडेनवमीचा पाट बंदुकीच्या कितीतरी आधीचा आहे, आणि कोयता, विळा, नांगराचा फाळ त्यावर अजून बसतात. दुसरं असं की कायद्याने वारशाला वाट ठेवलेली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार मृत्यूनंतर वारसाला परवाना मागता येतो. इतकंच नव्हे, तर धारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, तर हयातीतही ती वारसाच्या नावे करता येते. पण अर्ज एकाच वारसाचा, आणि बाकीच्यांची ना-हरकत. भावाभावांत बंदुकीवरून अडतं ते इथे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवली. वारशाने आलेलं शस्त्रही त्याच मर्यादेत मोजलं जातं. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं केली. ज्याला हे नूतनीकरण, निवडणूक आली की छाननी आणि बहुधा ठाण्यात जमा करणं, मग परत आणणं, हे सगळं आयुष्यभर आणि नंतर मुलाच्या गळ्यात घालायचं आहे त्याने जरूर ठेवावी. माळ्यावर गोधडीत गुंडाळून ‘असू दे, कोणाला कळतंय’ म्हणणं हा तिसरा पर्याय मात्र नाही. बिनपरवाना बंदुकीला आता दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे.

‘शंभर वर्षांची झाली, आता ती पुराणवस्तू’ हे समर्थनही वारंवार ऐकू येतं. पंचेचाळिसाव्या कलमात जुनाट किंवा पुराणमूल्याच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण त्याला जोडलेली अट सगळा खेळ उलटवते: हत्यार दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. म्हणजे जी दुनळी अजून वाजते किंवा वाजवता येईल, ती कितीही जुनी असली तरी बंदूकच. उलट शंभर वर्षांचा हिशेब दुसऱ्याच कायद्यात लागू होतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या नातवाने पणजोबांची १९१० ची बंदूक दिवाणखान्यात लावायची म्हटली, तर त्याची वाट परवान्याच्याही आधी इथे अडते.

शेतकऱ्याचं वेगळं आहे. ज्याच्या भाताला, नाचणीला, आंब्याच्या कलमांना रानडुक्कर आणि माकडं खरोखर भिडतात, त्याच्यासाठी बंदूक हे अवजार आहे. त्याने ती विकण्याचं कारण नाही. त्याचाही हात १९७२ पासून बांधलेला आहे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने डुक्कर मारायलाही परवानगी लागते, आणि अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकाला बंदुकीची वनखात्याकडे नोंद करावी लागते. राधानगरी-दाजीपूरसारखं जंगल, जे एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, आता याच नियमाने चालतं. तरीही नुसता हवेत काढलेला बार कळप हुसकावतो. राखणीची बंदूक बहुतेक वेळा एवढंच काम करते.

मग राहतो भावाचा प्रश्न. परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे आधी आलेल्या इंग्रजी आणि बेल्जियन बंदुकांना इथे दुर्मिळपणाची किंमत आली. तीच बंदूक तिच्या मायदेशी कदाचित सामान्य ठरेल. पण गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्याकडे परवाना आहे आणि त्यात जागा रिकामी आहे असाच माणूस. दोनची मर्यादा आल्यावर ते गिऱ्हाईक घटलं आणि तिसरी बंदूक काढून टाकणारे वाढले. म्हणून ‘अजून थांबू, भाव येईल’ हा हिशेब मला पटत नाही. थांबण्याच्या काळात बंदूक विक्रेत्याकडे ठेवणावळ खात पडून असते आणि जमा ठेवण्याची मुदतही चालूच असते.

विकताना मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. बंदूक जाते तेव्हा परवान्याची वहीही सहसा कार्यालयात जाते, आणि घराचा खरा दस्तऐवज तीच असते. मूळ परवाना कोणत्या कलेक्टरने, कोणत्या कारणासाठी दिला, दर नूतनीकरणाचे शिक्के, बंदुकीचा क्रमांक, आणि विक्रेत्याने हाताने लिहिलेल्या काडतूस खरेदीच्या नोंदी, सगळं तिच्यात असतं. खडकीच्या कारखान्याची काडतुसं कोणत्या पावसाळ्यात किती घेतली, कोणत्या वर्षांत एकही घेतलं नाही, हे तिथे तारखेनिशी सापडतं. बंदूक विक्रेत्याच्या हवाली करण्याआधी त्या वहीच्या प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांसकट, प्रत काढून घ्यावी.