मिलोची भाकरी

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, जुन्या ज्वारीच्या पिठाला विरी नाही, भाकरी थापताना चिरते, काय करू? माझ्याआधी सासूबाईंनीच उत्तर दिलं. ते उत्तर 1972 च्या दुष्काळातलं होतं.

तेव्हा पिकं गेली. बाया-माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची. तिला मिलो म्हणत. तिची भाकरी काही केल्या जुळेना. मग सासूबाईंच्या आईनं पिठात उकळतं पाणी ओतलं, झाकून ठेवलं, गरम असतानाच मळलं. भाकरी लहान आणि जाडच थापायची. मोडली तर कुस्करून आंबिलीत. ताक कुठलं, चिंचेचं पाणी!

कामावर सुकडी वाटत. सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. त्या सुकडी तिथं खायच्या नाहीत, धाकट्या भावासाठी ओच्यात बांधून आणायच्या. तलावांच्या नोंदी सरकारदरबारी असतील, ही उकड मात्र मला कुठं लिहिलेली दिसली नाही.

त्या बाईला त्यांनी सांगितलं, वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी. मूठभर उडदाचं पीठ घाल, नसेल तर कणीक. परवा ती भाकरी घेऊन आली. जरा जाड होती, पण अखंड.