देवमाशाचे गीत (अरबी समुद्र)

कुबड्या देवमाशाचा नर पाण्याखाली ठरावीक क्रमाने, पुनःपुन्हा काढतो त्या ध्वनिमालिकेस ‘गीत’ म्हणतात. सुट्या ध्वनींची पदे, पदांच्या आवर्तनांचे चरण आणि चरणांचे गीत, अशी तिची बांधणी असते. एक गीत बहुधा १० ते २० मिनिटांचे. तेच तासन्‌तास चालते. मादी गात नाही.

बदल : ही बांधणी रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये मांडली. पुढे केटी पेन यांनी वर्षानुवर्षांची ध्वनिमुद्रणे लावून ऐकली, तेव्हा गीत स्थिर नसल्याचे कळले. एका समुद्रातले नर एका हंगामात जवळजवळ सारखेच गातात. मात्र पदे लांबतात, गळतात, नवी येतात आणि काही वर्षांत गीत ओळखू येईनासे होते. कधी बदल एकदम घडतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९६ मध्ये दोनच नर पश्चिम किनाऱ्याचे गीत गात होते. १९९८ पर्यंत सगळ्यांनी ते उचलले होते. गीत ऐकून शिकले जाते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

अरबी समुद्र : येथील कुबडे देवमासे ध्रुवाकडे स्थलांतर करीत नाहीत. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून तुटलेले आहेत; त्यामुळे बाहेरचे गीत त्यांच्या कानी पडण्याचा संभव कमी. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी यांतले २४२ मारले. शिकणारे आणि शिकवणारे दोन्ही त्यात गेले, म्हणून ही शिकार गीताच्या इतिहासातही नोंदवणे भाग आहे. ओमानच्या किनाऱ्यालगत आता शंभराहून कमी उरल्याचा अंदाज आहे.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ २०१७ मध्ये पाण्यात ठेवलेल्या ध्वनिग्राहकांत हे गीत मिळाले. त्या अभ्यासात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे बिश्वजित चक्रवर्ती सहभागी होते. किनाऱ्यावर वाहून आलेल्या मृत देवमाशांच्या नोंदींपेक्षा या ध्वनिनोंदीचे मोल अधिक : गाणारा नर जिवंत होता. त्याच वर्षाअखेरीस उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ (अरबी शब्द; अर्थ सुगंधी धूप) ही मादी ओमानहून समुद्र ओलांडून केरळपर्यंत आली व २०१८ मध्ये परतली. दोन्ही किनारे एकाच कळपाचे असावेत, असे यावरून दिसते.

निळा देवमासा : गीताची पट्टी १९६० च्या दशकापासून जगभर उतरत आहे, कारणांबाबत एकमत नाही. लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ मुद्रित झालेले गीत श्रीलंकेकडील प्रकारचे आहे.