पॅकिंग: जुन्या जीपच्या इंजिनाचा अलिखित इतिहास

मोटारगाडीचा आपल्याकडचा इतिहास मालकांच्या आणि कारखानदारांच्या नावाने लिहिला गेला. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्या किंवा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मुंबईत कुर्ल्याला उभा केलेला प्रीमियरचा कारखाना, या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. या गाड्या पुढे पन्नास-साठ वर्षे चालत्या कोणी ठेवल्या, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मी लोणी काळभोरला, पुणे-सोलापूर रस्त्यालगत राहतो आणि गेली काही वर्षे जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीची माहिती जमवतो आहे. या विषयाला दप्तर नाही. मिस्त्री लोकांनी कागद मागे ठेवले नाहीत, कामाचा क्रम तेवढा ठेवला. त्यातल्या एकाच कामाचा, विलीज जीपच्या मॅनिफोल्डचे फुटलेले पॅकिंग बदलण्याचा, येथे विचार केला आहे. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, गॅरेजात पॅकिंग.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने सुरू झालेली आणि 1948 पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेली कंपनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या गाड्यांची जोडणी करू लागली. पुढे मामलेदाराची फेरी, साखर कारखान्याचे शिवारातले काम आणि निवडणुकीचा प्रचार जीपशिवाय होईना. खेड्यातल्या मिस्त्रीचा मोटारीशी पहिला खरा परिचय बहुतेक ठिकाणी जीपने करून दिला.

त्या पहिल्या जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे 2.2 लिटरचे आणि 60 अश्वशक्तीचे. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत. त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड आणि जळका वायू बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, असे दोन्ही बिडाचे भाग ब्लॉकच्या एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टांनी जोडून बसवलेले होते. एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ नीट व्हावी, हा त्यामागचा हेतू. पण खोडही त्यातच होती. एक्झॉस्ट तापून लांबतो, इनटेक तितका लांबत नाही. ही ओढाताण रोज होत राहिली की भाग वाकतात, टोकाची तोंडे ब्लॉकपासून किंचित सुटतात आणि मधले पॅकिंग फुटते.

गळती दोन प्रकारची. एक्झॉस्टची असेल तर इंजिन थंड असताना टिकटिक ऐकू येते, तापल्यावर कमी होते आणि सांध्याशी काजळी धरते. इनटेकची गळती आवाज करत नाही, म्हणून जास्त घातक. बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, गाडी एका जागी उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतात. अशा वेळी दोष बहुधा कार्बोरेटरवर जातो. जुने मिस्त्री चालू इंजिनाच्या सांध्यावर तेलाचे थेंब सोडत. चाल बदलली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला, की जागा सापडली.

नवे पॅकिंग घालून नट आवळले एवढ्याने हे दुखणे जात नाही. मी पाहिलेला क्रम असा. गंजलेल्या स्टडवर आदल्या दिवशीच तेल सोडायचे. मॅनिफोल्ड उतरवून सपाट काचेवर ठेवायचा आणि फटीत फिलर गेज घालून वाक मोजायचा. वाक असेल तर दोन्ही भाग एकत्र जोडूनच फेस मारून घ्यायचा. वेगवेगळा मारला तर तोंडे एका पातळीत येत नाहीत. बसवताना दोघांमधले बोल्ट सैल ठेवून आधी ब्लॉकवरचे नट मधून टोकांकडे आवळायचे, मगच आपसातले बोल्ट. इंजिन तापवून, थंड करून पुन्हा एकदा पाना फिरवायचा. ‘दोघांना आधी आपापल्या जागी बसू दे, मग बांध,’ असे एका वृद्ध मिस्त्रींनी मला सांगितले. धातूच्या प्रसरणाचा सिद्धान्त त्यांनी वाचलेला नव्हता, पण हाताला तो ठाऊक होता.

पुढच्या इंजिनात विलीजने इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले आणि कार्बोरेटर वर बसवला, त्यामुळे दोन मॅनिफोल्डची ही जोडी संपली. महिंद्राने ते इंजिन वर्षानुवर्षे बनवले. नंतर डिझेल स्वस्त पडू लागले आणि अनेक जीपगाड्यांतून पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले गेले. 1985 पासून मुंबईहून नळाने इंधन येत असलेल्या आमच्या लोणीतही पेट्रोलवर चालणारी जुनी जीप आज दुर्मीळ आहे.

या कौशल्याची किंमत शरीराने मोजली. जुनी पॅकिंगे ॲस्बेस्टॉसची असत. बाजारात तयार पॅकिंग मिळाले नाही, तर मिस्त्री ॲस्बेस्टॉसचा पत्रा भागावर धरून हातोडीने कडा ठोकत आकार काढत. चिकटलेले जुने पॅकिंग कोरडेच खरवडून फुंकरीने उडवत. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आजार उघड व्हायला कित्येक दशके लागू शकतात. म्हातारपणी आलेल्या खोकल्याचा संबंध तिशीत खरवडलेल्या पॅकिंगशी कोण जोडणार? जुन्या इंजिनाला आजही हात लावणाऱ्याने ते ओले करून, मास्क लावूनच काढावे.

2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठी फेरदुरुस्ती झालेली नसावी, अशी त्यांत अट आहे. तिचा हेतू समजतो. पण जिचे पॅकिंग कधी बदलले नाही, फेस कधी मारला नाही, अशी पन्नास वर्षे चाललेली जीप असू शकत नाही. तिचे मूळपण दुरुस्तीनेच टिकले आहे. म्हणून गाडीच्या कागदपत्रांत मालकांच्या नावांबरोबर मिस्त्रींची नावे, केलेले काम आणि वापरलेले साहित्यही नोंदवले जावे. पेट्रोल जीपवर हात बसलेली माणसे आता सत्तरीपुढे आहेत. ही नोंद त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल आणि त्यासाठी फार वेळ उरलेला नाही.