नावांची ती फाइल कोण सांभाळत होतं?

दोन सर्व्हर एकाच खासगी नेटवर्कवर आहेत आणि एकाने दुसऱ्याला आयपी पत्त्याऐवजी नावाने हाक मारायची आहे. सगळ्यात सोपा उपाय तुम्हाला माहीतच असेल. दोन्हीकडची होस्ट्स फाइल उघडायची आणि पत्ता, पुढे नाव, अशी एक ओळ लिहायची. झालं काम. ही पद्धत अर्पानेटच्या काळातली. पाठ्यपुस्तकं तिचा इतिहास एका वाक्यात उरकतात: आधी फाइल होती, मग १९८३ मध्ये डीएनएस आलं. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात माणसंच नाहीत.

म्हणून मूळ आरएफसी वाचा, आणि क्रमाने वाचा. सप्टेंबर १९७१ च्या आरएफसी २२६ मध्ये पेगी कार्प यांची अडचण अशी की प्रत्येक केंद्राने बाकीच्या यंत्रांना आपापल्या सोयीची नावं दिली आहेत. ती सगळीकडे एकच असावीत. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच आरएफसी ६०६ मध्ये म्हणतात, प्रत्येकाने वेगळी यादी कशाला सांभाळत बसायची? एकाच ठिकाणी, यंत्राला वाचता येईल अशी ठेवा ना! ते काम मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या नेटवर्क माहिती केंद्राकडे गेलं. तिथल्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. शिक्षणाने त्या रसायनशास्त्राच्या.

नवं यंत्र जोडलं की केंद्राला कळवायचं, तिथे फाइल दुरुस्त होणार, मग बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची. एक नाव दोघांना जाऊ नये याची काळजी कुठलाही प्रोटोकॉल घेत नव्हता, केंद्रातली माणसं घेत होती. आरएफसीमध्ये प्रस्ताव दिसतात, हे रोजचं काम फारसं दिसत नाही. इथे बरेच संशोधक फसतात. (फाइनलर यांनी जपलेली केंद्राची कागदपत्रं आता माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.)

मग हे मोडलं कशामुळे? पॉल मॉकापेट्रिस यांचा १९८७ चा आरएफसी १०३४ सुरुवातीलाच कारणं देतो. यंत्रं दुप्पट झाली की फाइलही दुप्पट, उतरवणारेही दुप्पट. म्हणजे भार चौपट. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. संस्थांमध्ये स्थानिक नेटवर्कं आली होती, आपल्या यंत्रांची नावं त्या स्वतःच ठरवत होत्या, आणि तरी ती बाहेर दिसायला केंद्राची वाट बघावी लागत होती. डीएनएसने नाव देण्याचा अधिकार वाटून दिला. त्याला नुसती वेगवान फाइल समजू नका.

फाइल मात्र गेली नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०.०.०.० सारखे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले, पण नावांचं तसं काही ठरेना. लोक मनाला येईल ती शेपटं लावत राहिले. 'डॉट इंटर्नल' हे शेपूट आयकॅनने अंतर्गत नेटवर्कांसाठी राखून ठेवलं ते थेट जुलै २०२४ मध्ये.