पोट भरलं, पण घर?

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम् लागतं. तिथल्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिराजवळ नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं विटांचं प्रचंड कोठार आजही उभं आहे. ३००० कलम धान्य मावेल एवढं! कलम हे तिकडचं जुनं माप.

कोठार भरलेलं असलं की आलेल्याला जेवू घालता येतं. पुढे तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली, वाटसरूंच्या जेवणाची सोय केली. पण छत्र जाणाऱ्यासाठी असतं. राहायला आलेल्याचं काय?

आता १६९३ साल पाहू. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर चाळीसहून अधिक पंडितांना इनाम दिलं. गावाचं नाव पडलं शहाजीराजपुरम्. हे पंडित काही निर्वासित नव्हते. पण माणूस वसवायचा कसा, हे इथे दिसतं: राहायला जागा, चरितार्थाला उत्पन्न आणि त्या दोन्हींवर हक्क.

ज्यांना इनाम नव्हतं, त्यांना हातातल्या कसबानं तारलं. सौराष्ट्री विणकर गुजरातेतून पिढ्यान् पिढ्या सरकत दक्षिणेत आले, कुंभकोणमलाही रेशमाच्या मागावर स्थिरावले. त्यांची बोली ऐका, मराठी कानाला ओळखीचे शब्द सापडतील. भाषा टिकली आणि ते गावचेही झाले, कारण त्यांच्या कामाची गावाला गरज होती.

आता आपल्या काळात येऊ. १९८३च्या दंगलींनंतर श्रीलंकेतले तमिळ समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. अनेकांचा पहिला मुक्काम मंडपमची छावणी. सरकारनं शिधा दिला, महिन्याची मदत दिली, मुलांना शाळेत घेतलं. १९८४ साली निर्वासितांनी स्वतःच संस्था काढून शिक्षणाचं काम हाती घेतलं. २०२१ साली राज्य सरकारनं छावण्यांना 'पुनर्वसन छावणी' म्हणायचं ठरवलं.

नाव बदललं, हक्क मात्र आला नाही. १ जुलै १९८७ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळायला आईवडिलांपैकी एक तरी भारतीय लागतो. २०१९च्या दुरुस्तीत श्रीलंका नाही. म्हणून छावणीत जन्मलेला, इथेच पदवीधर झालेला, तमिळ हीच मातृभाषा असलेला तरुणही कागदोपत्री परकाच.

भाषा एक, धर्म बहुतेकांचा एक, पोटाला अन्नही आहे. मग अडलं कुठे? माझ्या मते तिसऱ्या पायरीवर. कोठार आणि छत्र आपल्याला जमलं. शहाजीराजांनी जो हक्क लिहून दिला, तो द्यायचा राहिला आहे.