चर्चगेटचे गेट

निगडीहून मुंबईला आम्ही काही कमी वेळा गेलेलो नाही. पण लग्नकार्य उरकायचे, आजाऱ्याला भेटायचे आणि संध्याकाळची गाडी गाठायची, यालाच आजवर 'मुंबई पाहिली' असे म्हणत आलो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र नातवाने अडवले. "आबा, चर्चगेटला गेट कुठंय?" दहा वर्षांच्या पोराचा प्रश्न, आणि सत्तरीच्या आबाला उत्तर येईना! चार पुस्तके चाळली आणि एके सकाळी चिंचवडला सिंहगड एक्स्प्रेस गाठून दोघे निघालो. अट एकच : मुंबईत पाऊल ठेवल्यावर वाहनात बसायचे नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे आमच्या पिढीच्या बोरीबंदरला, उतरलो आणि प्रथम सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवाराकडे वळलो. फोर्ट जॉर्जच्या जुन्या दगडी तटाचा एक तुकडा तेथे अजून उभा आहे. "एवढीच भिंत?" नातू हिरमुसला. एवढीच खरी, पण एके काळी साऱ्या 'फोर्ट' भागाला असा तट होता आणि त्याला अपोलो, बाजार व चर्च असे तीन दरवाजे होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तशी मुंबईकरांच्या पोटात धस्स झाले. व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली, ती तटाबाहेर खंदक खणण्यासाठी!

"म्हणजे आपल्याला भिऊन?" नातवाची छाती फुगली. तो पुढे चालू लागला तो जणू मराठ्यांच्या फौजेतलाच!

बाजारगेटच्या गल्लीतून आम्ही हॉर्निमन सर्कलला आलो. तेथे १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस चर्च आहे. पश्चिमेच्या वेशीतून रस्ता या चर्चकडे येई, म्हणून ती वेस 'चर्चगेट'. पुढे शहर तटात मावेनासे झाले. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, खंदक बुजला. दरवाजा गेला, पण त्याचे नाव आधी रस्त्याला लागले आणि मग पार पलीकडे, समुद्राच्या बाजूच्या स्टेशनाला!

"मग गेट होतं कुठं?"

त्याच रस्त्याने चालत हुतात्मा चौकात आलो. वेशीच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. शेजारी मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी आहेत. ते स्मारक १९६१ चे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला. माझा जन्मही त्याच वर्षाचा. मराठ्यांना बाहेर ठेवण्यासाठी जेथे खंदक खणला, तेथेच मराठी माणसांनी मुंबईसाठी प्राण दिले. नातवाची छाती आता फुगली नाही; त्याने पायांतल्या चपला काढल्या. मीही काढल्या.

परतीच्या गाडीत त्याने दुसरा प्रश्न टाकला. "आबा, आपल्या घराच्या जागी काय होतं?"

आम्ही राहतो प्राधिकरणात. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले आणि २०२१ मध्ये विलीनही झाले. आता प्राधिकरण नाही, पण आम्ही 'प्राधिकरण'च म्हणतो. हेही आमचे चर्चगेटच! पण त्याच्याही आधी तेथे कुणाचे तरी शेत होते, आणि आपल्याकडे शेताला नाव असते. इतकी वर्षे तेथे राहून ते मी कधी विचारले नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन आम्ही गावठाणात एका वृद्ध बाबांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून क्षणभर आठवले आणि म्हणाले, "आंब्याची पट्टी. आंबा मी लहान असतानाच पडला होता."

नातवाने वहीत लिहून घेतले. सेक्टरचा नंबर खाली, आणि वर ठळक अक्षरांत : आंब्याची पट्टी.