बालअत्याचार रोखायला सरकारचा पैसा किती, आणि तो मागायचा कुठे?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. सोशल मीडियावर एकच मागणी फिरत होती, फाशीची. पॉक्सो कायद्यात फाशीची तरतूद २०१९ मध्येच आली होती.

घटनेनंतर राज्य सरकारने शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांबाबत आदेश काढला. यातलं बरंचसं नवं नव्हतं. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी, हे २०२० च्या पॉक्सो नियमांत आहे. सखी सावित्री समित्यांचा आदेश २०२२ चा. नियम कागदावर होते. ते पाळले जातात का, हे बघायला माणूस आणि त्या माणसाला पगार लागतो. प्रतिबंधाचा प्रश्न तिथेच अडतो.

वर्षाला ३४ रुपये

देशात बालसंरक्षणाची मुख्य योजना म्हणजे ‘मिशन वात्सल्य’. बहुतेक राज्यांत तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी १,४७२ कोटी रुपये होते. २०२५-२६ साठी १,५०० कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १८ वर्षांखालची मुलं सुमारे ४४ कोटी. म्हणजे केंद्राकडून एका मुलामागे वर्षाला साधारण ३४ रुपये. राज्यांचा वाटा धरला तरी आकडा साठीच्या आतच राहतो. ही रक्कम प्रत्येक मुलाला वाटायची नसते हे खरं, पण सरकारच्या लेखी या कामाचं वजन किती, ते त्यातून कळतं.

एवढ्यात बालगृहं, बालकल्याण समित्या, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, १०९८ हेल्पलाइन असं सगळं चालवायचं. यातला मोठा भाग अत्याचार झाल्यानंतरच्या, किंवा मूल उघड्यावर पडल्यानंतरच्या कामाचा आहे.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. दाखल गुन्ह्यांतही आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो: नातेवाईक, शेजारी, शिकवणारा. शाळेच्या व्हरांड्यातला कॅमेरा तिथे पोचत नाही. (घडलेल्या प्रकरणात मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा शेअर करून न्याय मिळत नाही. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.)

तिथे पोचतं ते मुलांना वयानुसार दिलेलं शरीरसुरक्षेचं शिक्षण, शाळेतला समुपदेशक, अंगणवाडीताईंचं प्रशिक्षण. आणि घरात येणारा थोडा पैसाही. एकल आईला कामावर जाताना मूल कुणाच्याही भरवशावर सोडावं लागू नये, यासाठी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना महिना २,२५० रुपये देते. मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये मिळतात. ही मदत आहेच, पण ती प्रतिबंधही आहे, आणि तसं क्वचितच कुणी म्हणतं.

मागायचं कुठे?

राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये येतो, पण खात्यांच्या मागण्या त्याच्या काही महिने आधी ठरतात. घटना घडल्यावर आमदाराला टॅग करण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारास दिलेलं निवेदन जास्त कामाचं. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखीव असतो. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती तो मंजूर करते. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. अडचण अशी की ‘महिला व बालविकास’ या शब्दांत पुष्कळ काही बसतं. शिलाई यंत्रांचं वाटप बसतं, इमारतीची रंगरंगोटीही बसते. त्यामुळे मागणी नेमकी हवी: समुपदेशकाची भेट किती शाळांना, पडताळणी किती कर्मचाऱ्यांची, प्रशिक्षण कोणाचं आणि कधी.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असणं अपेक्षित आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली आणि १० टक्क्यांतले किती रुपये मुलांवर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारता येतं. उत्तर नुसतं ऐकून घेऊ नये, इतिवृत्तात लिहून घ्यावं. नाहीच मिळालं, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.